सोडलेली जागा

शंखडोह आटला तेव्हा गावाला आधी मेलेले मासे दिसले, मग नवसाची भांडी, मग विसर्जन केलेले भंगलेले देव, आणि सगळ्यांत खाली, काळ्या गाळात रुतलेल्या पोथ्या. गोदावरीच्या त्या वळणावर डोहाचा तळ कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. पण वरच्या धरणांनी पाणी अडवायचं आणि आभाळाने हात वर करायचे, असं वर्षानुवर्षं चाललं की डोहाचाही नाइलाज होतो.

पोथ्या तिथे कशा आल्या याचा शोध घ्यायला दिल्लीहून समिती आली. तिने जाडजूड अहवालात जे लिहिलं, ते देवसंगम गावातल्या कुठल्याही म्हातारीने एका कप चहावर सांगितलं असतं. पोथी जीर्ण झाली की जाळायची नाही, रद्दीत घालायची नाही. दगड बांधून गंगेला द्यायची. गोदेला इकडे गंगाच म्हणतात.

या विसर्जनाला एक पूर्वार्ध होता, तो मात्र लोक विसरले होते. वाळवी, बुरशी आणि आपली दमट हवा यांच्या तावडीत ताडपत्र दोन-तीनशे वर्षांपलीकडे जगत नाही. म्हणून ग्रंथ जगवायचा तर दर काही पिढ्यांनी कुणीतरी लोखंडी लेखणी घेऊन बसायचं, पान न् पान नव्याने कोरायचं, आणि मगच जुनी पोथी नदीला द्यायची. आधी नक्कल, मग विसर्जन. ग्रंथ पसरले तेही असेच. प्रतिष्ठानहून कापडाचे तागे घेऊन निघालेल्या तांड्यात एखादा वैद्य असे, त्याच्या गाठोड्यात पोथी असे. वाटेत पावसाळ्यापुरता तो एखाद्या लेण्यात थांबला की तिथला भिक्खू ती उतरवून घेई. ती नक्कल भडोचला पोचे आणि तिथून गलबतात बसून समुद्रापार. रस्ता वाहता असेतोवर ग्रंथ वाहता. मग रस्ता ओस पडे, आश्रयदाता जाई, मुलगा बापाची लिपी शिकत नसे. लोकांना वाटतं जुनं ज्ञान आगीत जळालं, लुटारूंनी फाडलं. तसंही गेलं. पण आगीपेक्षा जास्त ग्रंथ कंटाळ्याने गेले. नकलेला वर्ष लागतं आणि विसर्जनाला एक बुडी. नक्कल थांबली, विसर्जन तेवढं चालू राहिलं.

हे सगळं केतकी टाकळकर आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आली होती आणि विद्यार्थी आयुष्यभर जांभया देत आले होते. जुन्या लिप्या वाचणारी बाई म्हणजे विद्यापीठाच्या कोपऱ्यातल्या खोलीतलं जुनं कपाट. कुणी उघडत नाही आणि कुणी फेकतही नाही. डोह उघडा पडला आणि त्या कपाटापुढे अचानक रांग लागली. त्यात तिचा नवरा निरंजन याने बनवलेलं यंत्र नदीकाठी येऊन उभं राहिलं, तेव्हा तर नवरा-बायकोचे फोटो वर्तमानपत्रात झळकले.

हवा न लागल्याने गाळातली पोथी कुजत नाही, पण ती उलगडताही येत नाही. पानं एकमेकांना चिकटून काळा गोळा झालेला असतो. बोट लावलं की चिखल. निरंजनचं यंत्र तो गोळा तसाच वाचायचं, कोबीचा गड्डा न सोलता आतलं पान न् पान पाहावं तसं. प्रखर क्ष-किरणांचा झोत गोळ्यातून आरपार जायचा. नुसत्या सावलीचा उपयोग नव्हता, कारण पानही कार्बनचं आणि अक्षरांत भरलेली काजळीही कार्बनची. पण लेखणीने पानावर चरा पाडलेला असतो, आणि चऱ्याच्या काठाशी किरण अगदी किंचित वाकतात. ते वाकणं टिपायचं, गोळा जरा फिरवायचा, पुन्हा टिपायचं. अशी असंख्य किरणचित्रं जुळवून संगणक एकेक पान वेगळं करायचा आणि सपाट करून पडद्यावर मांडायचा. सरकारदरबारी त्याचं नाव स्तरवाचक होतं. गावाने त्याला गंगेचा चष्मा म्हटलं.

या वाचनाची किंमत पोथी देत असे. किरणांनी पानाचे तंतू तुटत. सकाळी वाचलेला गोळा दुपारी वाळायचा आणि संध्याकाळी त्याची राखुंडी झालेली असायची. शिवाय किरणचित्रं इतकी अवाढव्य असत, की एका पोथीच्या पाठावर केतकीची सही झाली की ती पुसून पुढच्या पोथीला जागा करून द्यावी लागे. म्हणजे राहायचं ते फक्त सही केलेलं. जुने नकलाकार पोथीच्या शेवटी लिहून ठेवत, की जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर दोष मला देऊ नये. केतकीच्या सहीखाली असं काही लिहायची सोय नव्हती.

यंत्राला वाचायला तिनेच शिकवलं होतं. गाळाने खाल्लेलं, किड्यांनी पोखरलेलं पान आलं, की आधीची-नंतरची अक्षरं आणि आजवर टिकलेले सगळे ग्रंथ पाहून यंत्र मधली अक्षरं ओळखायचं. सुरुवातीला अशी ओळखलेली अक्षरं पडद्यावर करड्या रंगात उमटत. मग वरून आदेश आला, की करड्या अक्षरांमुळे वाचकांचा विश्वास डळमळतो, सगळं काळ्यात छापावं. केतकीने दोन दिवस कटकट केली आणि सोडून दिली. कामं खूप होती.

त्याच वर्षी ताप आला.

हिवतापच होता, पण नवा. डासांतून आलेला जंतू जुन्या औषधांना भीक घालेना. शेवटचं म्हणून जे औषध उरलं होतं, ते निम्म्या रोग्यांना वाचवायचं आणि निम्म्यांना नाही. केतकीची धाकटी बहीण शर्वरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. तापाचा अख्खा वॉर्ड तिच्या गळ्यात पडला. आई गेली तेव्हा शर्वरी जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला धुळाक्षरं गिरवायला लावण्यापर्यंत सगळं केतकीने केलेलं. केतकीला मूल नव्हतं, आणि त्याची उणीव तिला कधी भासली नाही, ती या एका बहिणीमुळे. शर्वरी अधूनमधून नदीकाठच्या तंबूत डोकवायची आणि बहिणीला चिडवून जायची. तू मेलेल्यांच्या नाड्या बघतेस, मी जित्यांच्या, म्हणायची. तुझे पेशंट बरे, मरत तरी नाहीत.

एकदा मात्र ती आली ती खुर्चीत नुसती बसून राहिली. चिडवलं नाही.

"ताई, तुझ्या गाळात तापावरचं काही सापडलं तर बघ गं," ती म्हणाली. "आता हसायचं सोडलंय मी."

आणि सापडलं. एका अनाम वैद्याची ज्वरावरची पोथी, पुरती शाबूत. दर तिसऱ्या दिवशी भरणारी थंडी, वाढलेली पानथरी म्हणजे प्लीहा, काळवंडलेली लघवी, सगळं वर्णन शर्वरीच्या वॉर्डातून उचलून आणल्यासारखं. आणि उपाय म्हणून एक वनस्पती, कडूवेल. नदीकाठी माजणारी, शेळीही तोंड न लावणारी वेल. बाकीचे ग्रंथ तिला ओळखत होते आणि निरुपयोगी म्हणून सोडून देत होते. हा वैद्य एकटाच छातीठोकपणे सांगत होता, की योग्य रीतीने दिली तर ताप उलटत नाही.

रीत सांगणारं वाक्य यंत्राने असं वाचलं होतं: 'याची ताजी पाने घ्यावीत. इतर करतात तसे करू नये, गुण जातो. सोळापट पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळावीत, आणि पहाटे गाळून रोग्यास द्यावीत.'

केतकी त्या वाक्याशी थबकली. आठवा हिस्सा उरेपर्यंत उकळणं हा तर सगळ्याच ग्रंथांतला काढा. इतर करतात तसं करू नका म्हणायचं आणि लगेच इतर करतात तेच सांगायचं, असा हा माणूस वाटत नव्हता. सकाळची वेळ होती, पोथी यंत्रात होती. तिने त्या पानाचं मूळ किरणचित्र मागवलं.

उकळण्याचं वाक्य पानावर नव्हतंच. तिथे जागा होती. पान फाटलेलं नव्हतं, किड्याचं भोक नव्हतं. ताडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेले होते आणि त्यांच्यावर लेखणीचा एक ओरखडाही नव्हता. जागेच्या दोन्ही कडांना मात्र बारीक टिंबांची एकेक ओळ होती.

ती टिंबं तिने लगेच ओळखली. ही नकलाकारांची जुनी रीत. समोरची पोथी फाटकी असेल, अक्षरं गेली असतील, तर तेवढीच जागा कोरी सोडायची, दोन्हीकडे टिंबं द्यायची आणि पुढे जायचं. आपल्याला माहीत नाही, हे मान्य करायचं. दुसऱ्या गावी दुसरी नक्कल असेल, तीत ती अक्षरं असतील, कुणी जाणता कधी येईल आणि भरील. तो जाणता शेकडो वर्षांत आला नव्हता, पण जागा मात्र हातोहात इथवर पोचली होती. यंत्राला तिने खाल्लेलं पान ओळखायला शिकवलं होतं. सोडलेली जागा शिकवायची राहून गेली होती, कारण गाळातून तशी एकही तोवर आली नव्हती.

तिने निरंजनला बोलावून दाखवलं.

"हे तुटलेलं नाही. हे सोडलेलं आहे."

निरंजनने चित्र मोठं करून पाहिलं. मग त्याने आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. जागा तुटलेली असो की सोडलेली, मूळ ग्रंथात तिथे काहीतरी होतंच. यंत्र टिकलेले सगळे वैद्यकग्रंथ पाहून बोलतं आणि त्याची खात्री सत्त्याण्णव टक्के आहे. 'इतर करतात तसं' म्हणजे इतर वेलीचं मूळ वापरतात, हा पानं वापरा म्हणतो, एवढाच त्याचा अर्थ असेल.

"सगळे ग्रंथ उकळा म्हणतात, म्हणून यंत्र उकळा म्हणतं," केतकी म्हणाली. "हा सगळ्यांसारखा असता तर त्याची वेल बाकीच्यांना निरुपयोगी का वाटली असती?"

  जो ग्रंथ चारचौघांसारखा असतो त्याच्या नकला चारचौघं करतात. हरवतो तो वेगळा. आणि यंत्र त्या वेगळ्याला चारचौघांच्या मापाने शिवत होतं. पण हे दोघांना नीट उमगायच्या आत केतकीचा फोन वाजला. शर्वरीला ताप भरला होता.

तिच्याच वॉर्डात तिला खाट दिली होती आणि उरलेलं एकमेव औषध सुरू केलं होतं. निम्म्यांना लागू पडणारं. दोन दिवसांनी ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. अजून दोन्ही बाजूंना वाट होती.

सरकारने तापासाठी नेमलेल्या परिषदेचे डॉ. सबनीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तंबूत आले. थकलेला, सरळ माणूस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी नियम समजावून सांगितला. आणीबाणीचा हुकूम असा, की प्रमाणित प्राचीन ग्रंथात औषधाची कृती पूर्ण मिळाली, तर ती थेट रोग्यांना देता येते. कृती अपुरी असेल तर ती प्रयोगशाळेत जाते. तिथे थंड पाण्यात, ताकात, कांजीत, तुपात, एकेका रीतीने अर्क काढून पाहतील.

"रिकामं असेल तर रिकामं लिहून द्या, मॅडम, मी तसं पाठवतो," ते म्हणाले. "उत्तर मिळेल. पण त्याला महिने लागतील, हे मी लपवत नाही."

महिने. केतकीने शर्वरीच्या हाताला लावलेली सलाईनची नळी डोळ्यांसमोर आणली आणि महिने या शब्दाचा अर्थ तिला कळेनासा झाला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी आहे की नुसतंच पाणी, हे बुडणारा तपासत नाही. सत्त्याण्णव टक्के म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव, असं तिने स्वतःला सांगितलं. यंत्र आजवर चुकलेलं नाही, असं सांगितलं. निरंजनचा मूळ-पानांचा अर्थही तिला आता बरा वाटू लागला. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील शोधून सापडत नाही. तिने सही केली. निरंजन शेजारीच उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग नेहमीप्रमाणे किरणचित्रं पुसली. बाहेर गोळ्याची राखुंडी वाऱ्यावर हलत होती.

पंधरवड्याच्या आत काढा दवाखान्यांत पोचला. एक अडचण होती. दोन्ही औषधं एकदम दिली तर यकृतावर भार पडेल या धास्तीने ती एकाच वेळी देता येत नव्हती. नवं सुरू करायचं तर जुनं बंद करायचं. प्रत्येक रोग्याला विचारून ठरवायचं होतं. शर्वरीला कुणी विचारायची गरज नव्हती, ती स्वतःच डॉक्टर. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, गालफडं बसलेली, डोळे मात्र नेहमीसारखे चिकित्सक. जुन्या औषधाने ती इतके दिवस तगली होती. कदाचित त्याच्यावरच उठूनही बसली असती.

"ताई, यंत्राचं सोड," ती म्हणाली. "तू स्वतः बघितलंस का, तिथं उकळायचं लिहिलंय म्हणून?"

दारात नर्स काढ्याचा पेला घेऊन उभी होती. केतकीला वाटलं, आपण खरं बोललो तर ही पेला परत पाठवील आणि मग त्या निम्म्या औषधावर राहील, आणि निम्म्यांतली कुठली निम्मी ते कुणाला ठाऊक. आपली सही खोटी ठरण्यापेक्षाही तिला या पोरीची आशा तुटण्याची जास्त भीती वाटली.

"हो," ती म्हणाली. "बघितलं."

"मग झालं. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. तूच तर वाचायला शिकवलंस मला." आणि नर्सकडे वळून म्हणाली, "आण इकडं. बघू ताईच्या गंगेचं तीर्थ."

काढा कडू होता. तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि केतकी हसली. त्या हसण्याची आठवण तिला पुढे कधी सुखाने झोपू देणार नव्हती.

कडूवेलीचा काढा कुणालाही बाधला नाही. विष असता तर बरं झालं असतं, पहिल्या दिवशीच थांबवला असता. तो नुसता निरुपयोगी होता. ताप हटत नव्हता आणि लोक वाट पाहत होते. पोथीत लिहिलंय म्हटल्यावर आणखी चार दिवस वाट पाहत होते. गावोगावी उकळत्या पातेल्यांतून वाफा निघत होत्या. जुन्या औषधावर ज्यांतले निम्मे वाचले असते, ते सगळेच काढ्यावर होते. परिषदेने काढा बंद केला तोवर शर्वरीचा वॉर्ड दोनदा रिकामा होऊन दोनदा भरला होता. शर्वरी त्यातल्या पहिल्या खेपेलाच गेली. शेवटच्या दिवशी ती भ्रमात होती, आणि बहिणीने वेणी घट्ट घातली अशी तक्रार करत होती.

दिवस-कार्य झाल्यावर केतकी सबनीसांना भेटायला गेली. तिने सगळं सांगितलं. तिथे जागा होती, टिंबं होती. उकळण्याचं वाक्य यंत्राचं, वैद्याचं नव्हे. वेल निरुपयोगी नाही, रीत चुकली आहे. प्रयोगशाळेला पाठवा, थंड पाण्यापासून सुरुवात करा, पहाटे गाळायची म्हणजे रात्रभर भिजवायची असेल. ती बोलत असताना सबनीस टेबलावरच्या फायलीकडे बघत होते. फायलीवर शेरा पडलेला होता: कडूवेल, रोग्यांवर वापरून पाहिली, गुण नाही, पुढील काम बंद.

"मूळ चित्र आहे?" त्यांनी विचारलं.

"पुसलं."

"पोथी?"

केतकीने नकारार्थी मान हलवली.

"मग तुमच्या सहीविरुद्ध तुमचा शब्द, एवढंच उरतं, मॅडम." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि तुमच्या घरात काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. लोक म्हणतील, बाईंना दुःख सहन होत नाही."

म्हणजे दार तिनेच लावून घेतलं होतं, आणि किल्ली गाळात. जागा रिकामी राहिली असती तर कुणीतरी शोधत बसलं असतं. भरल्यावर शोधायला उरतं काय?

तरी ती झगडली. सही झालेले सगळे पाठ जिथे साठवले जात त्या ग्रंथभांडारात जाऊन तिने पाठ उघडला, ते वाक्य खोडलं, जागा मोकळी केली आणि जतन केलं. क्षणभराने पडद्यावर वाक्य परत आलं, खाली नम्र सूचना: त्रुटी दुरुस्त केली आहे. तिने पुन्हा खोडलं. पुन्हा आलं. भांडाराची सगळी यंत्रं आता निरंजनच्याच यंत्राच्या वळणावर शिकलेली होती. रिकामी जागा त्यांना बघवत नसे. तिने कागदावर टिपण छापून ग्रंथालयांना पाठवलं. ग्रंथालयांनी ते आपुलकीने यंत्राखाली घातलं, आणि भांडारात ते पोचलं तेव्हा तिच्या टिपणातलीही जागा भरलेली होती.

निरंजनला तिने किंवा तिला निरंजनने कधी दोष दिला नाही. जेवताना दोघं हवेबद्दल बोलत. त्याने यंत्राला टिंबं ओळखायला शिकवण्याचा अर्ज केला होता, तो कुठल्यातरी टेबलावर होता. डोहातल्या उरलेल्या पोथ्या दरम्यान वाचून संपत आल्या होत्या, एकही जागा न सोडता.

वरच्या खोऱ्यात यंदा पाऊस झाला होता आणि धरणाचे दरवाजे उघडणार अशी बातमी आली. मग केतकीने कपाटातून ताडपत्रं काढली. विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून तिने केरळातून आणवलेली कोरी पानं होती ती, आणि लोखंडी लेखणी. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या नकला वाचल्या होत्या; स्वतः कधी केली नव्हती. पहिली पानं फुकट गेली. बोटांना फोड आले, मग घट्टे पडले. ती खिडकीशी बसून दिवसच्या दिवस त्या वैद्याची पोथी कोरत राहिली, अक्षर न् अक्षर. ती घरात ठेवून उपयोग नव्हता. आज ना उद्या दोघंही जाणार, आणि मग कुणीतरी भला माणूस ती उचलून यंत्राखाली घालणार. कुणी दुरुस्ती करायला येत नाही असं एकच भांडार तिला माहीत होतं.

कडूवेलीच्या वाक्याशी आल्यावर तिने जागा सोडली, दोन्हीकडे टिंबं दिली आणि पुढे गेली. पोथी पुरी झाली तेव्हा निरंजन शेजारी येऊन बसला. त्याने ते पान हातात घेऊन उजेडाकडे धरलं. बऱ्याच दिवसांनी तो तिच्या इतक्या जवळ बसला होता.

"हे कधीतरी कुणाला सापडेल," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याच्याकडेही यंत्र असेल, केतकी. ते ही जागा भरेल."

केतकीने पान परत घेतलं.  जुन्या रीतीत बसणारं नव्हतं ते तिने केलं. लेखणी उचलली, आणि टिंबांच्या मधोमध, लहान मुलाला पहिल्यांदा गिरवायला द्यावं तसं ठळक, एक नाव कोरलं. मग काजळी चोळून पान पुसलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

निरंजनला आता ही लिपी थोडी वाचता येत होती. तो बोट ठेवत वाचू लागला.

"याची ताजी पाने घ्यावीत. इतर करतात तसे करू नये, गुण जातो. शर्वरी, आणि पहाटे गाळून रोग्यास द्यावीत." तो थांबला. "याचा काही अर्थ लागत नाही."

"लागू नये," ती म्हणाली. "कोरलेलं अक्षर यंत्र बदलत नाही. जो वाचेल तो इथे अडला पाहिजे."

पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ती एकटीच डोहात उतरली. गाळ पायांना गार लागत होता. तिने पोथी तेलाच्या फडक्यात गुंडाळली, दोरीने दगड बांधला आणि हात कोपरापर्यंत आत घालून ती जितकी खाली जाईल तितकी खाली दाबली. लोक विसर्जन करताना काहीतरी म्हणतात. तिला काही आठवलं नाही. मग तिने हात धुवायला पाणी शोधलं, पण पाणी अजून आलेलं नव्हतं, म्हणून तशाच काळ्या हातांनी ती काठावर येऊन बसली.